बिडाची जाळी

जालन्यात लोखंड पायाला लागतं,
तरी तीन शनिवार हिंडले मी एका जाळीसाठी.
दीड फूट बाय फूटभर. माप कागदावर,
कागदाला मटणाचा वास.

शेगडी लिंबराजची, धाकट्या दिराची.
मिलमधून उरलेल्या पत्र्यातून त्यानं ती जोडली,
वर तिफणीचं चाडं बसवलं,
बी पडावं तशा पऱ्हाटीच्या गोळ्या
एकेक पडतात आत, खालून पंखा फुंकतो.
आच मोठी समजूतदार.
वांगं भाजावं, भाकरी फुगवावी.
पण अंगठ्याएवढ्या जाड कापाला
समजूत नको असते,
त्याला चटका पाहिजे. टेकताक्षणी.

पहिल्या शनिवारी स्टीलची आणली.
दुकानदार म्हणाला, गंज नाही, घासायचा त्रास नाही,
लेकीच्या लग्नापर्यंत बघायचं काम नाही.
(मला लेक नाही, ते सोडा.)
भरभर तापली. काप ठेवला
आणि सगळी जाळी गप्प झाली,
भांडणात पाहुणा आल्यावर घर होतं तशी.
पलटून पाहिलं: शिसपेन्सिलीच्या चार रेघा,
खोडता येतील अशा.

दुसऱ्या शनिवारी भंगारवाल्या मुनाफनं
गटाराचं झाकण पुढे केलं.
"काय वजन आहे बघा मावशी!"
वजन होतं. अक्षरंही होती, ठसठशीत.
गिऱ्हाइकाच्या कापावर उलटी उमटली असती
अख्खी नगर परिषद.

तिसऱ्या शनिवारी नागोराव ओतारी.
भट्टी विझलेली, म्हातारा वाळू चाळत बसलेला.
"बिडाची घे," म्हणाला.
म्हटलं, माहेर बीडचंच आहे माझं.
तो हसला नाही. हे त्यानं
जन्मभर ऐकलं असणार.
एक जाळी उचलून त्यानं हातोडीनं ठोकली:
आवाज नाही, नुसती ठप्प.
"उशिरा तापंल. कावून जाशील.
पण एकदा तापलं की काप ठेव नाहीतर बर्फ,
ते आपलं म्हणणं सोडत नाही."

अकरा किलो. रिक्षावाल्यानं तिचे वेगळे वीस घेतले.
करडईचं तेल, आच, पुन्हा तेल, पुन्हा आच,
पाच वेळा; घरभर धूर,
शेजारची शकुबाई विचारून गेली, कामून गं, काय जळालं?
मग एका संध्याकाळी पाण्याचा थेंब टाकला
तर तो बसलाच नाही,
मण्यासारखा पळाला आणि काठावरून गेला.

त्या रात्री मिलची दुसरी पाळी सुटून आली.
पहिला काप टेकला
आणि जो चर्र आवाज झाला
त्यानं बाकावरची बोलणी थांबली.
रेघा अशा, की बोटानं मोजाव्यात.
काळ्या नव्हे. पिकल्या चिंचेच्या रंगाच्या.
जाळणं वेगळं, डाग देणं वेगळं,
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

नवव्या दिवशी लिंबराजनं
धुवायच्या घाईत
लाल जाळीवर बादली उपडी केली.
आवाज साधाच होता, सुपारी फुटल्यासारखा.
दोन तुकडे.
तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

पोत्यात घालून नेले.
नागोरावनं चीर अंगठ्यानं चाचपली,
आतलं करडं, दाणेदार.
"स्टील असतं तर वाकलं असतं थोडं,
तुला कळलंही नसतं.
हे वाकत नाही. वितळतं मात्र."
आणि तुकडे ढिगावर टाकले
रोलरच्या, जुन्या मापांच्या, कुणाच्या मोडक्या खलाच्या.
माझी जाळी कुठली, ते मग
त्यालाही सांगता आलं नसतं.

नवी आली ती किलोभर जड निघाली.
कोणाचं काय तिच्यात आलं, विचारलं नाही.
स्टीलची ठेवलीय, वांग्याला बरी पडते.
रात्री गिऱ्हाईक उठलं की
अर्ध्या मोसंबीची फोड फिरवते गरम गजांवरून,
सालीचा कडवट वास येतो.
मग ती आपल्या वेळेनं निवते.
तासभर लागतो. कधी दीड.
लिंबराज बादली रस्त्यापलीकडे ठेवतो
आणि तिच्याकडे पाठ करून बसतो.