चार हजारावर दरी

धंतोलीच्या दवाखान्यात, आवाज न शिरणाऱ्या खोलीत
मी दौलत निमजेंच्या कानांवर हेडफोन चढवला.
म्हटलं, ऐकू आलं की बटण दाबा.
त्यांनी बटण धरलं
पाना धरतात तसं.

आलेख हजारापर्यंत सरळ चालला,
दोन हजाराला वाकला,
चार हजारावर दरीत गेला.
हातोडी, ग्राइंडर, हॉर्न. बेचाळीस वर्षं.
मी मशीनची किंमत सांगितली, दोन्ही कानांची.
ते म्हणाले, "कानाचं मंग पाहू, म्याडम.
ते फोनवर गाडी वाचते ना, ते घ्याचं हाये मले.
तुमाले इंग्लिश येते. तुमीच निवडा."

जुन्या भंडारा रोडवर त्यांचं गॅरेज.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटून ते सांगायचे : तिसऱ्याचा टॅपेट सैल.
आता टॅपेट वाजतो
आणि ते प्रणयच्या तोंडाकडे बघतात.

रात्री कूलरच्या घरघरीत मी वाचत बसले,
परीक्षा असल्यासारखी वही घेऊन.
साडेचारशेची निळी डबी,
आत कोणती चिप आहे ते तिचं तिलाही माहीत नसावं.
वाय-फायवाली जोडली की फोनचं नेट जातं,
मग पार्टचा फोटो इतवारीला पाठवणार कसा?
ब्लूटूथ घ्यावं, पण कोणतं?
प्रणयचा फोन कुणाशीही बोलतो,
दौलतभाऊंचा, मुलीनं दिलेला जुना आयफोन,
तो निवडक माणसांशीच.
डबी फार बाहेर आली तर क्लच दाबताना गुडघ्याला लागते.
बंद करायचं बटण हवं,
विसरली तर रात्रभर बॅटरी पीत बसते.
आणि जुन्या आठशेला तर हे तोंडच नाही,
तिथे कानच लागतो.

बर्डीवरचा दुकानदार म्हणाला, "सब सेम है, मॅडम."
मी विचारलं, नाही चालली तर परत घ्याल?
तो पंख्याकडे बघायला लागला.
मी दुसऱ्या दुकानात गेले,
पावतीसकट साडेतीन हजार मोजले.

मे महिन्यातली दुपार. टॅक्सीची पिवळी नंबरप्लेट हात लावू देईना.
दौलतभाऊ स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवे,
बोटांनी सोळा भोकं शोधली, डबी बसवली.
लाल दिवा. निळा दिवा.
फोनवर अक्षरं आली, त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.
मी वाचलं : हवा जास्त, पेट्रोल कमी.
"अन् कुठून?"
ते नव्हतं लिहिलेलं.
मला हे ठाऊक होतं. माझाही आलेख दरी दाखवतो,
दरीत काय काय पडलं ते नाही.

ड्रायव्हर म्हणाला, डिलीट दाबा ना, लाइट तर जाईल.
दौलतभाऊंनी बॉनेट उघडलं.
कुठंतरी बारीक फुसफुस होती,
मला ऐकू येत होती, प्रणयला येत होती.
ती नेमकी त्यांच्या दरीतली.
आम्ही दोघंही बोललो नाही, का ते सांगता येणार नाही.
त्यांनी करंगळी थुंकीनं ओली केली,
रबरी नळीवरून हळूहळू फिरवली, खालच्या बाजूनंही.
एका जागी बोट थांबलं.
"हे पाहा, गार लागते."
केसाएवढी चीर.

मी त्यांच्या वहीत कोड मराठीत उतरवून दिले.
पहिलं पान : शून्य एक सात एक. हवा जास्त. बोट ओलं करा.
शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं म्हणून.

पुढच्या तारखेला ते दवाखान्यात आले नाहीत.
मीच गेले, चाक बसवून घ्यायचं निमित्त होतं.
टायर कंपनीच्या कॅलेंडरशेजारी
त्यांच्या कानांचा आलेख खिळ्याला टांगलेला,
कडेला ऑइलचा अंगठा.
प्रणय सांगत होता, नव्या पोरानं विचारलं,
ही कोणत्या गाडीची रिपोर्ट?
तर भाऊ म्हणे, "जुनी गाडी हाये बे.
हिले पोर्टच नाही."