इतर

पालच्या गेटवर वहीत नाव लिहिलं
तेव्हा सहा वाजले होते,
माझ्या मनगटावर सहा वाजून चार.
अर्ध्या भुसावळची घड्याळं दुरुस्त करतो मी,
हे एकच राहून जातं.

पुढे रुबाब तडवी, वाटाड्या,
कानावर बिडी, जंगलात न पेटवायची.
मागे फालक इंजिनिअर, त्यांच्या मिसेस,
आणि केनियाहून सुट्टीला आलेला प्रणीत,
मोबाइलवर सिंह दाखवत:
गवतात लोळणारे, जांभया देणारे,
एक तर गाडीच्याच सावलीत निजलेला.
"इथं काय आहे?"
रुबाब म्हणाला, "देखू."

दोन तास धूळ.
साग उघडे, अंजनाला तांबूस पालवी.
एका वळणावर अस्वलाची विष्ठा, मोहाच्या फुलांची,
तिच्यावर आम्ही सगळे पाच मिनिटं जगलो.
मग जामन्याच्या वाटेवर टायर बसला.

शकूर जॅक शोधू लागला.
चिवड्याचा डबा उघडला.
रुबाब माझ्या खिशाकडे बोट करून म्हणाला,
"शेठ, ते काय व्हय?"
भिंग. डोळ्याच्या खोबणीत बसवायचं,
चाळीस वर्षं तिथंच असतं.
"आना मंग."

सालईच्या बुंध्याशी बारीक धुळीत खळगे,
शाईपेनाचं टोपण दाबत गेल्यासारखे, पंधरा-वीस.
मी पोटावर आडवा झालो.
साठीनंतर जमिनीशी एवढी सलगी पहिल्यांदाच.
भिंगात तळ वर आला:
कणाकणाची उतरण, कुठंही चुकलेली नाही,
आणि खाली दोन बारीक आकडे
माझ्या सर्वांत लहान चिमट्याच्या टोकांसारखे.
"उलट्या," रुबाब कुजबुजला.
"मांगंच चालतो. पुढं जानं त्याले ठाऊक नही."

एक मुंगी काठावर आली. थांबली.
काठ सुटला.
ती चढायची, तळातून धूळ उडायची,
टिक्,
पायाखालची वाट जायची. टिक्.
आणि मी, खरं सांगतो,
कुणाच्या बाजूचा ते मला कळेना.
मग मुंगी नव्हती.
खळगा होता, पुन्हा नीट.

"मुंगीसिंह," मागे प्रणीत म्हणाला.
"तिकडच्या गाइडनंही दाखवला होता.
मी गाडीतून उतरलो नव्हतो."
मी त्याला भिंग दिलं.
तो बराच वेळ वर आला नाही.

त्यानंतर कुणालाच घाई नव्हती, असं नाही;
फालकांना जेवणाच्या आत रावेर गाठायचं होतं.
पण निष्पर्ण सागावर मुठीएवढा रानपिंगळा,
भरदिवसा टक्क जागा,
थकलेली बाकी वसूल करायला आलो असू आपण
अशा नजरेनं बघत होता.
पुढे एक शेणकिडा गोळा ढकलत रस्त्यात,
डोकं खाली, मागचे पाय वर.
शकूरनं गाडी बंद करून वाट दिली,
ट्रकलाही देत नाही एवढी.
आणि मिसेस फालक किंचाळल्या,
"अहो, ही काडी चालतेय!"
डब्याच्या झाकणावर. चिवड्याच्या दिशेनं.

गेटवर पुन्हा वही.
वाघ, बिबट, अस्वल, सांबर
आणि शेवटी बोटभर रकाना: इतर.
"काही दिसलं का?" वनरक्षकानं विचारलं.
"नाही हो," फालक म्हणाले.
मी पेन मागून घेतलं.
तबकडीच्या मागे तारीख कोरतो त्या अक्षरात
लिहीत गेलो, रकाना संपला,
समासात शिरलो,
तिथं आधीच कुणीतरी गाडीचा नंबर लिहिलेला,
त्याला वळसा घातला.
रुबाब बघत होता. त्याला वाचता येतं का
ते मी विचारलं नाही.
"काडी राह्यली," तो म्हणाला.

सोमवारी दुकानात एक जुनं एचएमटी उघडलं,
भिंग लावलं, वाकलो.
टिक् झालं
आणि मी हात मागे घेतला.