ओला चेंडू

ऑरिन स्कोगस्टाड, तू परत आलास तेव्हा
मी लॉन्ड्रीत होतो, जर्सी मोजत. सत्तेचाळीस.
आपल्या वेळी ऐंशी भरायच्या.
दारात उभा राहून तू आधी वास घेतलास:
साबण, रबर, घाम, आणि मागच्या भिंतीवरची ती बुरशी
जिच्यावर कॉलेजनं चार वेळा रंग फासला
आणि चारही वेळा ती वर आली.
"अजून आहेच," म्हणालास.
बुरशीला की मला, मी विचारलं नाही.

हाल्वर गावात बातमी तुझ्या आधी पोचली होती.
धान्याच्या कोठारावर कुणीतरी चादर टांगली: वेलकम होम, कोच.
वाऱ्यानं तिची कड दुमडली,
दोन दिवस नुसतंच 'कम होम' दिसत होतं.

तुझं सगळं मला ठाऊक आहे.
कात्रणं जपणारा मी नाही, पण कानावर येतंच.
मॉन्टानातली शाळा, जिथे बससुद्धा तूच चालवायचास,
मग टेक्ससमध्ये कुणाचा तरी तिसरा मदतनीस,
मग लुइझियाना, मोठं स्टेडियम, मोठा पगार,
तुझ्या चेहऱ्याचे पुठ्ठे काठीवर नाचवणारे लोक.
त्याच लोकांनी पुढे एका रात्रीत
तुझ्या अंगणात 'घर विकणे आहे'च्या अकरा पाट्या रोवल्या.
मार्गिट सकाळी गाउनवरच बाहेर आली म्हणे,
आणि त्यातली एक तिनं ठेवून घेतली
टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून.
ती गेली तेव्हा तू ओहायोत होतास, सामन्याला.
हे मात्र तुझ्या बहिणीनं सांगितलं.

आता माझं.
एकोणऐंशीचा नोव्हेंबर,
बर्फ आणि पाऊस यांच्या मधलं काहीतरी पडत होतं.
एक यार्ड उरलेला, सहा सेकंद.
तू सेंटर. चेंडू पायांमधून मागे द्यायचा, एवढंच,
आणि तो निसटला.
"स्कोगस्टाडच्या हाताला लोणी."
चाळीस वर्षं न्हाव्याच्या दुकानात हेच.
पदवी घ्यायलाही तू थांबला नाहीस.

पण चेंडू पुसायचं काम माझं होतं.
अठरा वर्षांचा टॉवेलवाला पोरगा मी,
बोटं गारठली म्हणून टॉवेल बगलेत दाबून बसलेला.
पंचाच्या हाती चेंडू दिला तो तसाच, निथळता.
एकदा पुसायचं, बस.

त्यानंतर किती हेल्मेटं घासली, शिट्ट्यांच्या दोऱ्या बदलल्या,
दर ऑगस्टला ठरवलं, यंदा पत्र लिहायचंच.
टेक्ससचा पत्ता हाती लागेपर्यंत तू लुइझियानात.

पहिला सराव.
गुडघा सांभाळत तू मैदानात उतरलास,
मी मागोमाग, खांद्यावर टॉवेलांची चळत,
कोरडे, ड्रायरमधून नुकते काढलेले, ऊन ऊन.
तू गुरांना पाणी पाजायची टाकी मागवलीस
आणि सगळे चेंडू तिच्यात टाकलेस.
ते बुडेनात. तळव्यानं दाबून धरलेस एकेक,
हट्टी वासराची मान धरावी तसे.

पोरं हसली.
सेंटरचा पोरगा, नीट मिसरूडही न फुटलेला,
चेंडू उचलतो, निसटतो, उचलतो, निसटतो.
"परत," तू म्हणतोस. "परत."
लुइझियानात तू ओरडायचास असं ऐकलं होतं.

मी टॉवेल पुढे केला.
पाण्यावरची नजर न हलवता तू म्हणालास,
"राहू दे, आर्लन.
पुसून देणारा दर वेळी असतोच असं नाही."

म्हणजे तुला माहीत होतं?
की हे तू सगळीकडेच म्हणत आलास,
गावोगावच्या टॉवेलवाल्या पोरांना?
संध्याकाळी विचारणार होतो.
तोवर तू मैदानाच्या पार त्या टोकाला,
एक यार्डाच्या रेषेवर, एकटाच,
बुटाच्या टोकानं चुना सारखा करत.

मी आत आलो
आणि कोरडे, स्वच्छ टॉवेल पुन्हा धुवायला टाकले.