शेऱ्याचा रकाना

शिरोलीच्या फाउंड्रीत पंखा फिरतो तो गारव्यासाठी नाही,
काळी धूळ या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला.
त्या धुळीत नसीम मुजावरांचा कॉम्प्युटर,
त्यावर प्लास्टिकचं कव्हर,
कव्हरवर स्केचपेननं: हात धुऊन.

चौदा वर्षांची एक फाइल.
मीच बांधून दिलेली, सहा हजार रुपये
आणि डबाभर काकवी घेऊन.
किती ओतलं, किती फुटलं, कुणाच्या पाळीत.
आता फुगलीय. दोघं एकदम बसले की आचके देते.
मगदूम शेठनी सर्व्हर आणलाय,
एसीच्या खोलीत एकटाच बसलाय
मांडवात लवकर आलेल्या नवरदेवासारखा.
"जोडा," म्हणाले. "कसं, ते तुमचं तुम्ही बघा."

कसं, यातच तर सगळा धंदा आहे.

टेबलं नुसती लिंक केली
तर मॅडमच्या पडद्यावर काहीच हलत नाही,
तीच बटणं, तोच पोपटी रंग
जो आता माझा मलाच बघवत नाही.
पण महिन्याचा रिजेक्शन रिपोर्ट मागितला की
त्यात माझंच एक जुनं फंक्शन, सर्व्हरला न कळणारं,
म्हणून चार लाख ओळी वायरीतून इकडे येतात
आणि इथं बसून निवडल्या जातात.
गंगावेशीत दूध प्यायला जावं
आणि पेलाभर दुधासाठी
म्हैसच जिन्यावरून घरी चढवावी, तसं.

नाहीतर प्रश्न त्याच्याच बोलीत लिहून थेट धाडायचा.
कट्ट्यावर उभं राहून सांगायचं: अर्धा लिटर, फेस कमी.
तो तिथंच पिळतो, तिथंच मापतो.
फक्त आलेल्या उत्तरावर काही खोडता येत नाही.
प्या, पेला ठेवा, चला.

शेठचा पुतण्या म्हणतो, सगळंच फेका, नवं करा,
आणि शेरा कशाला हाताने लिहायचा?
सात कोड द्या, एक निवडतील.

मी त्या रात्री शेरे वाचत बसलो.
"वाळू ओली. कालच सांगितलं होतं."
"लाइट तीनदा गेली, भट्टी चिडली."
"ओतणं ठीक. दौलूचं मन नाही."
सातातला कुठला कोड, दौलूच्या मनाला?

मंगळवारी लिंका जोडल्या.
मॅडमनी पहिली हीट भरली, एंटर दाबलं,
आणि ओळीच्या ओळी एकच शब्द:
हटवले हटवले हटवले.
"ओ सर, गेलं की वो सगळं!"
गेलं नव्हतं. तिकडे एकूण एक ओळ सुखरूप होती.
मी वेळेलाच किल्ली केली होती;
सर्व्हरला सेकंदाचे तुकडेसुद्धा आठवतात,
आपल्या फाइलीला नुसता सेकंद.
दोघांनी एकमेकांना ओळखलंच नाही.
साधा चढता नंबर दिला किल्ली म्हणून,
आणि ओळी जागच्या जागी परत.
मॅडम चहा प्यायल्या नाहीत तरीही.

तर शेवटी असं:
रोजचं भरणं लिंकांवर.
तीन जड रिपोर्ट सरळ सर्व्हरच्या बोलीत.
पत्ता फाइलीतच, म्हणजे नऊ मशिनींच्या दारोदार
जाऊन नाव नोंदवायला नको.
पासवर्ड मात्र त्यात नाही, ज्यानं त्यानं आपल्या नावानं यावं.
पुतण्याला हे जुनाट वाटलं. असेल.
बिल लावलं, त्यात शेऱ्याचा रकाना
हवा तेवढा लांब, वेगळे पैसे नाहीत.

सहाच्या भोंग्याला मॅडमनी शेवटची ओळ भरली.
मी पाठीमागून वाचली, वाचायला नको होती.
पाचशे बारा किलो. एक फुटला.
शेरा: जोडलं म्हणतात. बघू.