बसलेला आवाज

आर्हूसच्या इस्पितळात, सातव्या मजल्यावर
मला दिवस मोजायचा पगार मिळतो.
डॉक्टरची चिठ्ठी निघाली ती तारीख,
घशात नळी घालून पाहिलं ती तारीख,
तुकडा काढला, स्कॅन झालं, बैठक झाली,
पहिला किरण पडला.
मधली वजाबाकी माझी.

जुन्या फायली तळघरात आहेत.
वाट पाहता पाहता वाढलेल्या गाठींची
त्यांत दोन-दोन मापं, आधीचं आणि नंतरचं.
दुसरं माप लिहिणाऱ्याचं अक्षर
दर वेळी जरा बारीक झालेलं.

मग रस्ता सरळ केला. सोल्वायला नेमलं.
तिच्या टेबलावर दोन फोन,
ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्यांची बरणी.
उशिरा येणाऱ्याचं पान वाढून ठेवावं
तशी ती स्कॅनची एक वेळ राखून ठेवते;
कोण येणार ठाऊक नाही,
येणार हे ठाऊक.

आज फाईल तेविसावी. एवाल्ड, वय अडुसष्ट,
थ्युबोरोनच्या धक्क्यावर
पस्तीस वर्षं माशांचा लिलाव पुकारणारा.
चिठ्ठी सोमवारची.
पहिला किरण सव्विसाव्या दिवशी.
मुदतीच्या आत. रकान्यात हिरवा ठिपका.

तरी फोन केला. काही जणांना विचारायचं असतं,
घाई तर नाही ना झाली?
पलीकडून, लाकडावर वाळू घासावी तसं:
"शुक्रवारी सांगितलं. मंगळवारी चार दात काढले.
गुरुवारी तोंडावर गरम जाळी दाबून मुखवटा केला.
बहिणीला कसं सांगावं ते जुळवत होतो,
तोवर मुखवटा थंडही झाला."
मी लिहिलं, रुग्ण समाधानी.
मग खोडलं.

आवाज कधी बसला, विचारलं.
"ईस्टरला."
चिठ्ठी तर नोव्हेंबरची.
"हेरिंगचा हंगाम होता. मग एडिथचं…" तो थांबला.
"पुकारायला एका पोराला उभं केलं,
मी मागून बोटांनी भाव दाखवायचो.
सगळ्यांना वाटलं, थकला म्हातारा.
मलाही तेच वाटलं."

ईस्टर ते नोव्हेंबर. दोनशे अकरा दिवस.
सवयीने मोजले; त्यांना कोष्टकात जागा नाही.
आमचं घड्याळ चिठ्ठीपासून चालतं.
त्याआधी नुसता माणूस असतो,
गरम दूध पिणारा,
न्हाणीघरातल्या आरशापुढे आ करून
काही दिसत नाही म्हणून दिवा मालवणारा.

आवाज बसला म्हणतात.
कुठे बसतो तो इतके महिने?
दाराबाहेरच्या बाकावर असेल,
टोपी मांडीवर ठेवून.
हाक मारायची सोय नाही,
हाक म्हणजे तोच.
आणि आत आम्ही,
आपण किती वेगाने धावतो ते मोजत.

अहवाल उद्या जायचा आहे.
मध्यक चांगला आला, चांगलाच आहे तो,
त्यामागे वाचलेले घसे आहेत, मी नाकारत नाही.
फक्त खाली एक तळटीप घातली,
दोनशे अकरा, कारण नोंदलेलं नाही.

सोल्वायने वाचली. ब्र काढला नाही.
बरणी माझ्याकडे सरकवली.
घशाला बरी असते, म्हणाली, घे.
मी गोळी खिशात टाकली
आणि बराच वेळ
आवंढा गिळून पाहत राहिले.