प्रत

सीपीआरच्या वरच्या मजल्यावर, बाकाच्या टोकाला
बापू टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेत.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाची प्रत ठरवली त्यांनी.
रव्याला अंगठा लावायचा,
कडेचा तुकडा मोडून जिभेवर ठेवायचा,
आणि अडत्याकडे न बघताच नंबर सांगायचा.
त्यावर अपील नसे.

‘अतिग्रे केरबा’ अशी हाक येते.
आज त्यांची प्रत ठरायची आहे.

डॉक्टरीण कोवळी पोर. विचारते, ‘जिना चढता?’
‘चढतो की.’
‘किती मजले?’
‘लागंल तेवढं.’
‘आंघोळ करताना धाप?’
‘पाणी गार असलं तर लागती.’
बापू हसतात. मीही जरा हसते.
ती लिहिते, दोन.
म्हणजे, मला समजावते,
रोजच्या कामानं दमणं, बसलं की बरं.

मला जिन्याचं माहीत नाही.
मला खड्यांचा हिशेब माहीत आहे.
गेल्या दिवाळीत रंकाळ्याची फेरी एका दमात व्हायची.
गणपती उठले आणि
घर ते खरी कॉर्नर एवढ्याशा वाटेत
बापूंच्या चपलेत खडा जायला लागला.
थांबायचं, भिंतीला हात,
करकरती चप्पल उलटी करून झटकायची,
दोनदा, तीनदा, छाती खाली बसेपर्यंत.
पडत काहीच नाही.
आधी खडा होता मेडिकलपाशी,
मग अलीकडे, गिरणीपाशी.
परवा दूध आणायला निघाले, तर उंबऱ्यातच.
आणि रात्री
तीन उशा, वर गादीची वळकटी,
तिला टेकून बसलेला माणूस
चप्पल शोधत नाही,
खिडकी शोधतो.

‘तीन लिहा,’ मी म्हणाले. ‘रात्रीचं धरलं तर चारसुद्धा.’
बापूंनी बघितलं माझ्याकडे,
भर सौद्यात घरच्याच माणसानं भाव पाडावा तसं.

मग तिनं त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला.
उचलला.
खड्डा तसाच.
बापू वाकले. किती वेळानं भरतोय ते बघत राहिले,
डोळ्यांत यार्डातली ती जुनी धार.
‘ओला माल हाय,’ म्हणाले,
‘पाक कच्चा ऱ्हायलाय. पावसाळ्यात टिकत नसतोय.’
आणि टोपी घालता घालता,
‘पोरगी खरं बोलती. तीनच लिवा.’

मीठ कमी. पाणी मोजून. गोळ्या सकाळच्या, रात्रीच्या.
कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला.

जिना उतरताना पाचव्या पायरीवर ते थांबले.
कठड्याला हात.
चप्पल काढायला वाकवेना.
मग मी थांबले,
माझी काढली, उलटी केली, झटकली.
टक्कन एक पडला. बारका, पांढरा,
दोन पायऱ्या उड्या मारत गेला.

‘बघ,’ बापू म्हणाले,
श्वास जुळवत, एकेक शब्द सुटा,
‘मी म्हणत न्हवतो?’