उलटा जोड

मिन्स्कच्या प्रयोगशाळेत, संध्याकाळी पाचला,
यादविगा भिंगाला डोळा लावते.
दहावं गुणसूत्र. एक तुकडा
दोन्हीकडून तुटलेला, आणि घाईत शिवताना
बाही उलटी लागावी तसा
उलटा बसलेला.

एरवी एकमेकांना ओळख न देणारी दोन जनुकं
आता एकच शब्द बोलतात:
वाढ. वाढ. वाढ.

धाग्यावर मोजलं तर दोन्ही केवढी लांब;
पण पेशीत धागा गुंडाळून ठेवलेला असतो,
आणि गुंडाळीत शेजारी कोण येईल
हे धाग्याला कोण विचारतं?
एकाच कणाची वाट दोघांतून गेली असेल.
असेल.

नमुना तैसियाचा. तेव्हा वय चार, गाव नारोव्ल्याजवळ.
बाहेर बाकावर तिची आई स्तेफानिदा,
मांडीवर बिटाच्या लोणच्याची बरणी.
तिला एवढंच विचारायचंय:
त्या मे महिन्यात गाय नुकती कुरणात सोडलेली,
दूध अजून कोमट होतं,
मीच म्हटलं, अर्धा पेला आणखी घे.
ते दूध होतं का?

आयोडीन आठ दिवसांत अर्धं होतं,
मग अर्ध्याचं अर्धं. आता कुठेच नाही.
आणि असा जोड
ज्यांनी ते कुरण पाहिलंही नाही
त्यांच्या गळ्यातही सापडतो.
काचेवर कुणाची सही नसते.

यादविगा हे सगळं सांगते, हळू, दोनदा.
स्तेफानिदा मान हलवते, बरणी पुढे करते.
"घ्या. घाबरू नका,
बिटं बाजारातली आहेत,
आमच्या मातीतली नाहीत."